पहाटे जाग येते आणि श्वास पुरत नाही: तुमच्याकडे काय निघालं?

शेवंती

काल गाद्या उन्हात घातल्या. पाऊस जाऊन आठ दिवस झाले, अंगणात चटका बसतोय, म्हटलं कपाटातली आईची वाकळ पण काढू. घडी मोडली आणि तो वास आला. ओल, कापूर, जुनं लुगडं. शिंका आल्याच, पण त्याआधी बाबा आठवले.

पहाटे साडेतीन-चारला आमच्या सोप्यावरचा दिवा लागायचा. बाबा कडेला बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, तोंड उघडं, गंजी एका खांद्यावरून घसरलेली. विचारलं की हातानेच 'जा, झोप' अशी खूण. बोलण्याइतका श्वास नसायचा. अर्ध्या तासाने आत यायचे आणि आईला म्हणायचे, चहा कर.

घर डिचोली भागातलं, खाणीच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून. तुळशीची पानं लाल, दोरीवरचे कपडे लाल. त्यामुळे बाबांची धाप खाणीच्या धुळीची हे ठरलेलंच. शेजारी तेच म्हणत, आम्हीही तेच. २०१२ च्या सप्टेंबरात, ऐन चवथीच्या तोंडावर, खाणी बंद झाल्या. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तुळस हिरवीगार. आणि बाबा तसेच सोप्यावर. उलट एका उशीच्या तीन झालेल्या. आईच एकदा म्हणाली, "माती गेली, मग हे का जाईना?" तिथून पुढे ईसीजी, इको. हृदयाचं पंपिंग ३० टक्के, जे साधारण ५५ च्या वर लागतं. संध्याकाळी पाय सुजायचे, चपलेचा पट्टा रुतून वळ उठायचा, तो आम्ही वयावर ढकललेला. आडवं झालं की पायातलं पाणी वर येऊन फुफ्फुसात साचतं, माणूस दचकून उठतो, बसला की उतरतं. पाणी काढायच्या गोळ्या सुरू झाल्यावर बाबा पहिल्यांदा एका उशीवर झोपले, त्या रात्री आई जागीच. श्वास चालू आहे ना, बघत. पुढे चार वर्षं मिळाली त्यांना.

आता मी. वय ४६. जूनपासून पहाटे पाचला छाती आवळल्यासारखी होऊन जाग येते, बारीक शीळ वाजते. मी अर्थातच आधी हृदय धरलं. इको नॉर्मल. फुंकायची चाचणी केली तर दमा, आणि ॲलर्जी धुळीतल्या किड्यांची. म्हणजे बाबांचं हृदय होतं तेव्हा आम्ही धूळ धूळ करत बसलो, आणि माझी धूळ आहे तर मी हृदय हृदय करत बसले.

तुमच्याकडे कोणाला असं पहाटेचं होतं का? काय निघालं? लिहा. कुकर लावायचाय, नंतर येते.

कुळागर

वाकळ! हा शब्द किती वर्षांनी वाचला. आमच्या आजीची नऊवारी लुगड्यांची होती, चार माणसं लागायची पिळायला.

विषयावर: मला नाही, पण वाचतोय.

सुरंगी

आमच्याकडे मुलगा. पणजीत भाड्याचं घर, तळमजला, मागे माड आणि कायमची सावली. जुलैत चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी, पासपोर्टवर पण. पोरगा पहाटे खोकत उठायचा, सहावीपर्यंत आम्ही कफाची औषधंच पाजली.

मग हे किडे कळले. डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावाच शोषतात. खातात काय, तर आपल्या कातडीचा कोंडा. पावसात आपल्याकडे आर्द्रता ८० च्या वर, त्यांची चवथच. त्रास किड्यांपेक्षा त्यांच्या विष्ठेचा, म्हणून शेवंती, गादी नुसती उन्हात घालून भागत नाही हो. वाळतात, मरतात, पण घाण आतच. झोडपायची, आणि झोडपताना तुम्ही लांब. गादी-उशीला झिपवाली जाड खोळ. चादरी दर आठवड्याला ६० डिग्रीच्या पाण्यात.

सगळ्यात कठीण गेलं ते कापसाचं अस्वल. भालू. ते धुता येईना, म्हणून पिशवीत बांधून एक दिवस-रात्र डीप फ्रीझरमध्ये. बांगड्यांच्या शेजारी. पोरगा मधेमधे दार उघडून बघायचा, त्याला थंडी वाजतेय का. आता इंजिनीअरिंगला आहे. भालू बरोबर नेलाय हे कोणाला सांगू नका.

पात्रांव

बांगड्यांचा वास लागला नाही का अस्वलाला?

सुरंगी

लागला. म्हणूनच मांजर त्याच्यापाशी झोपायला लागलं आणि नवीन ॲलर्जी :-)

पात्रांव

हा हा. माझं ऐका. मला माझा आजार बायकोने रेकॉर्ड करून दाखवला. फोनवर मी घोरतोय, घोरतोय, मग एकदम चिडीचूप. मोजलं, ३४ सेकंद. मग म्हशीने तळीतून तोंड वर काढावं तसा आवाज. पुन्हा घोरणं. मला यातलं काहीच ठाऊक नाही. मला फक्त इतकंच की उठताना धाप लागलेली, तोंड कोरडं, डोकं जड, आणि दिवसभर झोप. रायबंदरला फेरीत गाडी चढवली की डुलकी, चोडणचा धक्का आला की मागच्यांचे हॉर्न.

झोपेची चाचणी केली. तासाला ४१ वेळा श्वास अडकतो. ३० च्या वर गेलं की तीव्र म्हणतात. मी ब्लड प्रेशरच्या दोन गोळ्या खात होतो आणि तरी ते उतरत नव्हतं, त्याचंही मूळ इथे निघालं. आता रात्री नाकावर मास्क, नळी, मशीन. पहिला आठवडा झोपेतच काढून फेकायचो. नातू म्हणतो आजो पायलट झाला. वजन ९ किलो उतरवलं, उरलेलं हुर्राकच्या, काजूच्या दारूच्या, सीझननंतर बघू.

रात्रपाळी

वॉर्डात काम करते, पटकन लिहिते. धापेचा पेशंट आला की डॉक्टर विचारतात तेच घरी लिहून ठेवा. किती उश्या लागतात. झोपल्यावर किती वेळाने जाग येते. उठून बसल्यावर किती वेळात बरं वाटतं. शीळ वाजते का. पाय सुजतात का. हृदयाचं बहुतेक वेळा झोपल्यावर तास-दोन तासांनी उठवतं, दम्याचं पहाटे चारच्या सुमारास, कारण अंगातलं कॉर्टिसोल रात्री खाली गेलेलं असतं आणि श्वासनळ्या तेव्हाच सगळ्यात अरुंद. बहुतेक वेळा म्हणतेय, नेहमी नाही.

ओठ निळे, गुलाबी फेसाळ थुंकी, छातीत दुखणं, एक वाक्य सलग बोलता न येणं, यातलं काहीही असलं तर इथे लिहीत बसू नका. १०८ लावा.

शेवंती

रात्रपाळी, आत्ता आईला फोन करून विचारलं. म्हणते, ते साडेबारालाही उठायचे, रोज. आम्ही पोरं झोपलेली असायचो. आम्हाला दिसायची ती दुसरी फेरी.

हे इतकी वर्षं माहीतच नव्हतं.

सुरंगी

🙏

फणसाची_भाजी

आमच्याकडे यजमान. रात्री दीड-दोनला किंवा पहाटे घुसमटून उठायचे, घशात आंबट पाणी, खोकला, आवाज बसलेला. दमाच म्हणून पंप घेत होते. तो दमा नव्हता, जठरातलं ॲसिड वर येत होतं. पण जेवणाची वेळ ऐका. दुकान बंद करून साडेदहाला घरी, शीतकढी, तळलेली सुंगटं, मग सोलकढीचा पेला आणि पाठ टेकलीच. जत्रेच्या दिवसांत तर नाटक बघून रात्री एकला भजी.

डॉक्टरांनी सांगितलं, जेवण आणि झोप यात तीन तास, डाव्या कुशीवर झोपा, आणि पलंगाची डोक्याकडची बाजू सहा-सात इंच वर. उश्या वाढवू नका, पोट दुमडतं आणि उलट जास्त वर येतं. मग काय, गवंड्याकडून चिऱ्याचे दोन तुकडे तासून आणले आणि पलंगाच्या पायांखाली. पहिल्या रात्री यजमान घसरत घसरत पायथ्याला. सकाळी अर्धे पलंगाबाहेर. चादर बदलली, सुती जाडीभरडी घातली, मग थांबले. दोन महिन्यांत घुसमट गेली. चिरे अजून आहेत, पाहुणे विचारतात वास्तुशास्त्र का म्हणून.

कुळागर

चिरा कुठला आणला? आमच्याकडे कंपाउंडला हवाय, भाव काय चाललाय सध्या?

फणसाची_भाजी

अहो दोन तुकडे फुकट दिले त्याने :-) भाव यजमानांना विचारून सांगते.

सड्यावरची

वास्को. खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं की काळं, बंदरावरच्या कोळशाची धूळ. आमचे शेजारी सगळं त्यावरच घालतात, मीही. पण आता शेवंतीचं वाचून वाटतंय एकदा नीट तपासून घ्यावं. धूळ आहेच हो, खोटं नाही. पण धूळ आहे म्हणून दुसरं काही नसेलच असं नाही ना.

आबोली

सासूबाईंचं सांगते, हे कोणाच्या डोक्यातही येणार नाही. काचबिंदूसाठी रात्री झोपताना डोळ्यात थेंब घालायला दिले. तीन आठवड्यांत पहाटे शीळ, धाप. तरुणपणी दमा होता त्यांना, मधली तीस वर्षं नव्हता म्हणून सांगायचं सुचलंच नाही. थेंबाचं नाव टिमोलॉल. डोळ्यातला थेंब नाकावाटे रक्तात जातो आणि दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळतो. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सगळ्या औषधांची पिशवी टेबलावर उपडी करायला लावली तेव्हा सापडलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दुसरे थेंब दिले, आठवड्यात साफ. स्वतःच्या मनाने थेंब बंद करू नका मात्र, डोळा जाईल.

रात्रपाळी

आबोलीताई, +१. पिशवी उपडी करणं, हे सगळ्यांनीच करावं.

पेडणेकर_नाही

आल्याचा रस, मध, तुळस. माझी आजी ९१ वर्षं जगली. कशाला पंप आणि मशीन. पंपाची सवय लागते.

आबोली

आजीला दमा होता का पण?

पेडणेकर_नाही

नव्हता.

सुरंगी

🙄 पंपाची सवय लागत नाही हो. औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं, थेट फुफ्फुसात जातं. ओढल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरं येतं. आलं घ्या की, चहात छान लागतं.

तिन्हीसांजा

कॉइल लावून खिडक्या बंद करून झोपणारे कोणी आहेत का? आम्ही तसेच होतो. २००३ च्या एका अभ्यासात वाचलं, एक कॉइल पूर्ण जळली की ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत. आमची खाटेखालीच असायची. मच्छरदाणी लावली, पहाटेची घसाखवखव आणि छातीचं जड होणं बरंच कमी.

पात्रांव

सायबा! म्हणजे मी २००१ ला विडी सोडली आणि त्यानंतर १५ वर्षं कॉइल ओढली.

एकटी_माडाखाली

लिहू की नको करत होते. नवरा तारवटी, बोटीवर असतो, सहा-सात महिने घरात मी आणि सासू. तो गेला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पहाटे डोळे उघडायच्या आधीच श्वास अडकल्यासारखा, हातांना मुंग्या, ओठ बधिर, आता मी मरणार. तीनदा कॅज्युअल्टीत गेले. ईसीजी, रक्त, एक्स-रे सगळं नीट. एका डॉक्टरने "काही नाही, घरी जा" म्हटलं, त्याचा राग अजून आहे. दुसरीने खुर्ची ओढली, बसली आणि विचारलं, नवरा कुठे असतो? मी तिथेच रडले.

पॅनिक निघालं. गोळ्या आठ महिने, समुपदेशन. आता तसं झालंच तर लांब श्वास सोडते, घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष. बाहेर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजला की सुटते. रोज तेवढ्यासाठी उठून उंडे, ते गोल पाव, घेते. खायला कोणी नाही, सासूला मधुमेह.

फणसाची_भाजी

अगो, उंडे आमच्याकडे पाठव. आणि फोन करत जा गो पहाटे, मी पाचलाच उठलेली असते.

एकटी_माडाखाली

❤️ नंबर तुमच्या निरोपात टाकते.

कुळागर

आमचा पोदेर हल्ली येतच नाही. कोणाकडे अजून सायकलवरून येतो?

सड्यावरची

आमच्याकडे येतो, पण पाव लहान झालाय, टोपलीच मोठी.

शेवंती

किती लिहिलंत सगळ्यांनी. सगळ्यांना एकेक उत्तर देते, आधी आजची बातमी. पीक फ्लो मीटर आणलंय, ती फुंकायची प्लास्टिकची नळी. तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. सकाळी २६०, संध्याकाळी ३५०. वहीत दोन रांगा. बाबांची दुधाच्या हिशेबाची वही आहे, अर्धी कोरी होती.

आणि सुरंगीचं वाचून कपाट भिंतीपासून ओढलं. मी आणि भाचा, दोघांनी. मागे बुरशीने अख्खा गोवा काढलाय. खोटं नाही, वर पेडणे, मध्ये मांडवी, दिवाडी बेटासकट. फोटो काढेपर्यंत मला खोकला लागला म्हणून भाच्याने बाहेर हाकललं. आता तो तोंडाला फडकं बांधून ब्लीच मारतोय.

पात्रांव

काणकोण आहे का त्यात? आम्हाला नेहमी विसरतात.

शेवंती

काणकोण अजून कपाटामागे आहे. उद्या सरकवू.