पहिला कॅमेरा: हतनूरचे पक्षी, बहिणीची हळद आणि 35 हजार

केळीचं_खोड (रावेर तालुका)
नमस्कार मंडळी. घरची केळी आहे, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आजवर सगळं मोबाइलवर. मागच्या थंडीत हतनूर धरणावर गेलो होतो. चक्रवाकांची जोडी झूम करून काढली, घरी दाखवली तर आई म्हणे, "पाण्यात दोन विटा कोणी टाकल्या?"

फेब्रुवारीत बहिणीचं लग्न आहे, त्याचेही फोटो काढायचेत. कटाई झाली आणि भाव पडला नाही तर बाबा कॅमेऱ्याला 35 हजार देणार आहेत. दुकानदार म्हणतो, कॅनन 1500डी घे, 18-55 लेन्स (जवळचं काढायची), वर बॅग, ट्रायपॉड आणि कार्ड फ्री. चार हजार जास्त होतात, त्याचा हप्ता करून देतो. 24 मेगापिक्सेल आहे, डोळे झाकून घ्या म्हणे. लॅपटॉप जुना आय3, 4 जीबी रॅम. एडिटिंगचं सॉफ्टवेअर एक मित्र पेनड्राइव्हवर आणून देतोय. घेऊन टाकू का?

स्वप्न म्हणाल तर रानपिंगळा, जंगलातलं छोटं घुबड. 113 वर्षं कोणाला दिसला नव्हता आणि 1997 ला आपल्या शहाद्याकडे सापडला, तो.

पांझराकाठ (धुळे)
1500डी म्हणजे डीएसएलआर, आत आरसा असलेला कॅमेरा. ते संपलं भाऊ. बिनआरशाचा मिररलेस घे, नाहीतर थांब.

लाल_हिरवी_झेंडी (भुसावळ)
धुळेकर म्हणतात ते खोटं नाही, कंपन्यांचं सगळं लक्ष आता मिररलेसवर आहे. पण म्हणूनच लोक चांगले डीएसएलआर स्वस्तात काढताहेत. तुझ्या पैशात मिररलेस बसवलास तर पक्ष्यांच्या लेन्सला काही उरणार नाही. मग हतनूरला जाऊन काय धरणाची भिंत काढशील?

मी रेल्वेत गार्ड होतो. रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून असाच फ्रीवाला सेट उचलला. तिसऱ्याच दिवशी हतनूरच्या गाळात ट्रायपॉडचा एक पाय सांध्यातून निसटला आणि कॅमेरा आडवा. बॅगेचं अस्तर पावसाळ्यात दमट झालं, ती तशीच लोखंडी कपाटात ठेवली. दिवाळीला काढली तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. बुरशी! आता झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवतो. बायको म्हणते, पापडाच्या डब्याला कुलूप लावायचं राहिलंय.

मुद्द्याचं. 18-55 ने चक्रवाक मोहरीएवढाच येणार, मग मेगापिक्सेल कितीही असू दे. तू कॅननचाच जुना 750डी शोध. मेगापिक्सेल तेवढेच 24, पण फोकसचे 19 पॉइंट आणि सेकंदाला 5 फोटो. 1500डीत 9 आणि 3. त्यावर 55-250 एसटीएम ही लांबचं जवळ आणणारी लेन्स लाव, कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यामुळे ती 400 एमएमसारखी चालते. माझी मी सेकंडहँड साडेसात हजाराला घेतली. उडता पक्षी असेल तर शटर 1/1600 सेकंद आणि एआय सर्वो, म्हणजे फोकस पक्ष्यामागे फिरत राहतो. रानपिंगळा दिवसाउजेडीही फिरतो, त्याच्यासाठी रात्रीच्या सेटिंगच्या नादी लागू नको.

घेताना लेन्समधून मोबाइलची बॅटरी मारून बघ, धागे दिसतात का. शटर किती वेळा पडलं, म्हणजे कॅमेरा किती झिजला, ते कॅनन फोटोच्या फाइलमध्ये लिहीत नाही, त्यासाठी कॅमेरा लॅपटॉपला जोडून वेगळं सॉफ्टवेअर लावावं लागतं. दुकानदार तयार नसेल तर उठून ये. आणि मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत कॅमेरा सोडशीन तर बोंबलत बसशीन. आपल्याकडे पारा 45 ला जातो.

पाटणादेवी_रोड (चाळीसगाव)
भाऊ, मना अनुभव सांगस, आयकी ले. मी लग्नाचे फोटो काढते, आठ वर्षं झाली.

पेनड्राइव्हवालं घेऊ नकोस. मी घेतलं होतं. आठवड्याने सगळ्या फाइली लॉक आणि स्क्रीनवर पैशाची मागणी. दोन लग्नं गेली. एका घरी मी स्वतः जाऊन हात जोडले, दुसऱ्या घरी जायची हिंमत झाली नाही, भावाला पाठवलं. कॅननचंच डिजिटल फोटो प्रोफेशनल फुकट मिळतं, रॉ फाइल (कॅमेऱ्याचा कच्चा फोटो) उघडतं, आधी तेच शीक. डार्कटेबल हे एडिटिंगचं सॉफ्टवेअरही फुकट आहे आणि फार ताकदीचं आहे, पण 4 जीबीवर रडेल. कॅमेऱ्याआधी 8 जीबी रॅम टाक, तिला लेन्सएवढे पैसे लागत नाहीत.

आता हळद. उन्हात हळदीने माखलेला चेहरा काढला की फोटोतला लाल रंगाचा भाग (चॅनेल) आधी फुटतो, म्हणजे त्यातले बारकावे जातात, आणि गाल पिवळ्या गोळ्यासारखा सपाट येतो, नंतर काही करता येत नाही. म्हणून रॉमध्ये काढ, एक्स्पोजर (फोटोचा उजेड) 2/3 स्टॉप खाली ठेव, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) आरजीबीवर, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगळे दिसतात. मांडवात एलईडी असतील तर शटर 1/100. आपली वीज 50 हर्ट्झची, स्पीड वाढवला की फोटोत पट्टे येतात. घरात कमी उजेडात चालणारी 50 एमएम एफ/1.8 लेन्स लाव. नवी घेतलीस तरी परवडते.

आणि एक विचारते, मुलीचा भाऊ तूच ना? मग कानपिळीला तू फोटोत पाहिजेस. तेव्हा कॅमेरा कोणाच्या हातात देणार?

केळीचं_खोड
ताई, कानपिळीचं डोक्यातच नव्हतं. मामेभावाला आत्तापासून शिकवतो, नाहीतर नवरदेवाचा कान सोडून माझाच फोटो हलेल. पेनड्राइव्हला नाही म्हणून सांगितलं, मित्र रुसलाय. काका, 750डी जळगावात एकाकडे आहे, 55-250 मात्र कुठे मिळेना.

लाल_हिरवी_झेंडी
रविवारी सहाला हतनूरला ये. सकाळचं ऊन पाठीवर राहील असे उभे राहू. माझी 55-250 दोन आठवडे वापर, मग घ्यायची का नाही ते ठरव. काळजी करू नको, कपाटातली ती ही नाही. मातीत लेन्स बदलायची नाही, तेवढं पाळ. आणि जळगाववाल्याला सांगून ठेव, लॅपटॉप घेऊन येतोय म्हणून.