चेक कवितेच्या इंग्रजी अनुवादांच्या पहिल्या आवृत्त्या : जुनी प्रत घेताना काय पाहावे?

ग्रंथसंचारी (प्रश्न)

नमस्कार. कामानिमित्त सध्या लंडनला मुक्काम आहे आणि सुट्टीच्या दिवशी पाय आपोआप जुन्या पुस्तकांच्या दुकानांकडे वळतात. पेंग्विनच्या 'मॉडर्न युरोपियन पोएट्स' मालिकेतील चेक कवींची पुस्तके पहिल्या आवृत्तीत जमवावीत, असा विचार आहे. मिरोस्लाव्ह होलुब यांचे १९६७ चे 'सिलेक्टेड पोएम्स', व्लादिमीर होलान यांचे १९७१ चे त्याच नावाचे पुस्तक आणि त्याच वर्षीचे नेझ्वल, बार्तुशेक व हान्झलीक या तिघांचे 'थ्री चेक पोएट्स' अशी माझी यादी आहे. अडचण अशी की होलुब यांची प्रत एका ठिकाणी पाच पौंडांना मिळते, तर दुसरा विक्रेता 'फर्स्ट एडिशन' म्हणून तिचे वीस पौंड मागतो, आणि संकेतस्थळावरील छायाचित्रांत दोन्हींत मला काही फरक दिसत नाही. पहिली आवृत्ती नेमकी ओळखायची कशी, आणि या तीन पुस्तकांपलीकडे आणखी काही शोधण्यासारखे आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मलपृष्ठ (प्रतिसाद)

या मालिकेतली ही पुस्तके इंग्रजीत थेट कागदी बांधणीतच निघाली. आधी पुठ्ठ्याची महाग आवृत्ती आणि वर्षा-दोन वर्षांनी स्वस्त आवृत्ती असा प्रकार इथे नव्हता, त्यामुळे 'फर्स्ट एडिशन' म्हणणारा विक्रेता खोटे बोलतो असे म्हणता येत नाही. घोळ होतो तो आवृत्ती आणि मुद्रण यांत. आतल्या नावाच्या पानामागे जिथे प्रकाशनाचे तपशील छापलेले असतात, तिथे 'फर्स्ट पब्लिश्ड' आणि वर्ष एवढेच असेल, तर ती पहिल्या मुद्रणाची प्रत समजावी. त्याखाली 'रीप्रिंटेड' म्हणून आणखी वर्षे दिलेली असतील, तर ते पुनर्मुद्रण होय, मग वरच्या ओळीत १९६७ का असेना. काही विक्रेते वरची ओळ तेवढी जाहिरातीत उतरवतात आणि खालची सोयीस्करपणे गाळतात, म्हणून मुखपृष्ठाचे छायाचित्र कितीही सुबक असले तरी त्या पानाचे छायाचित्र मागवल्याखेरीज पैसे पाठवू नयेत.

होलुब यांच्या पुस्तकाबाबत आणखी दोन खुणा उपयोगी पडतात. ब्रिटनमध्ये दशमान चलन १५ फेब्रुवारी १९७१ रोजी आले, त्यामुळे १९६७ च्या प्रतीवरची ब्रिटनची छापील किंमत शिलिंग-पेन्सांत असायला हवी. ती नव्या पेन्सांत असेल, तर प्रत नंतरची आहे हे पान न उघडताच कळते. दुसरे म्हणजे दहा अंकी आयएसबीएन (प्रत्येक पुस्तकाला दिला जाणारा ओळख-क्रमांक) हे आंतरराष्ट्रीय मानक १९७० मध्ये ठरले, तेव्हा तो क्रमांक छापलेली होलुब यांची प्रत पहिल्या मुद्रणाची असू शकत नाही. १९७१ च्या दोन पुस्तकांना मात्र या खुणा लावू नका. तो संक्रमणाचा काळ होता आणि त्या सुमाराच्या पुस्तकांवर जुनी व नवी अशा दोन्ही किमती शेजारी शेजारी छापलेल्या आढळतात.

साधा वाचक (प्रतिसाद)

वरील माहिती उत्तम आहे, पण मूळ हेतूविषयीच थोडे बोलतो. होलुब वाचायचे असतील तर १९६७ चे ते सडपातळ पुस्तक ही केवळ सुरुवात आहे. ब्लडॅक्स या न्यूकॅसलच्या प्रकाशनाने १९९० मध्ये 'पोएम्स बिफोर अँड आफ्टर' काढले. त्यात पन्नास-साठच्या दशकांतल्या कविता तर आहेतच, शिवाय १९६८ नंतरच्या कविताही आहेत आणि पहिल्या पुस्तकाचे अनुवादक इयन मिल्नर व जॉर्ज थाइनर यांच्याबरोबर यार्मिला मिल्नर आणि इवाल्ड ओसर्स यांचेही काम आहे. मुद्रणाच्या एका ओळीसाठी चौपट पैसे मोजण्यापेक्षा ते पैसे या जाडजूड संग्रहावर घालवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर पेंग्विनची पुस्तके चाळणाऱ्या पिढीने 'रीप्रिंटेड'ची ओळ कधी तपासली असेल, असे मला वाटत नाही.

हस्तलिखित (प्रतिसाद)

'साधा वाचक' यांचे म्हणणे पेंग्विनच्या पुस्तकांपुरते मला मान्य आहे, कारण ती पुष्कळ छापली गेली आणि आजही सहज मिळतात. परंतु चेक कवितेच्या बाबतीत पहिल्या आवृत्तीला एक वेगळेच महत्त्व आहे, आणि ते पेंग्विनच्या बाहेर अधिक ठळकपणे दिसते. १९६८ मध्ये रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरल्यानंतरच्या दशकात कित्येक कवींचे लेखन तिथे अधिकृतपणे छापले जात नव्हते. त्यामुळे काही वेळा असे उलटे घडले की अनुवाद परदेशात आधी प्रसिद्ध झाला आणि मूळ पुस्तक स्वदेशात नंतर. होलुब यांचे 'इंटरफेरॉन, ऑर ऑन थिएटर' अमेरिकेतील ओबर्लिन कॉलेजच्या 'फील्ड' मालिकेत १९८२ मध्ये निघाले, तर चेक पुस्तक प्रागमध्ये १९८६ मध्ये. होलुब व्यवसायाने रोगप्रतिकारशास्त्रज्ञ होते, तेव्हा शीर्षकातल्या इंटरफेरॉनचे, म्हणजे विषाणूंशी लढणाऱ्या शरीरातल्या प्रथिनाचे, नवल वाटायला नको.

यारोस्लाव्ह सायफर्ट यांच्या 'द प्लेग कॉलम'ची कथा याहून गुंतागुंतीची आहे. ही कविता प्रथम टंकलिखित प्रतींतून हातोहात फिरली, १९७७ मध्ये पश्चिम जर्मनीतील कोलोन शहरातल्या निर्वासित चेक लोकांच्या प्रकाशनाने ती चेक भाषेत छापली, १९७९ मध्ये ओसर्स यांचा इंग्रजी अनुवाद लंडनच्या टेरा नोव्हा या छोट्या प्रकाशनाने काढला आणि प्रागमधील अधिकृत आवृत्ती त्यानंतर, १९८१ मध्ये आली. सायफर्ट यांना नोबेल मिळाले १९८४ साली. म्हणजे १९७९ ची ती प्रत हाती घेताना आपण असे पुस्तक पाहत असतो, जे कवीच्या स्वतःच्या शहरात तेव्हा उघडपणे विकत मिळू शकत नव्हते. अशा प्रतीसाठी मी जास्त पैसे मोजीन, पेंग्विनसाठी नाही. शिवाय सायफर्ट यांची १९८३ ची दोन पुस्तकेही यादीत घालावीत : लंडन मॅगझिन एडिशन्सचे 'अॅन अंब्रेला फ्रॉम पिकॅडिली', अनुवादक पुन्हा ओसर्सच, आणि अमेरिकेत आयोवा सिटीहून निघालेले 'द कास्टिंग ऑफ बेल्स'. दोन्ही नोबेलच्या आदल्या वर्षीची आहेत. होलान यांच्यासाठी ओएसिस बुक्सचे 'अ नाइट विथ हॅम्लेट' (१९८०) पाहावे. कवीचे निधनही त्याच वर्षी झाले.

ग्रंथसंचारी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता होलुब यांची पाच पौंडांचीच प्रत घेतो आणि उरलेले पैसे सायफर्टसाठी राखून ठेवतो. एक शेवटची शंका : 'द प्लेग कॉलम'ची जी प्रत सध्या विक्रीला दिसते आहे, ती ग्रंथालयातून रद्द झालेली आहे. अशी प्रत घ्यावी का?

मलपृष्ठ

पेंग्विनची असती तर नको म्हटले असते, कारण स्वच्छ प्रती मिळतात. छोट्या प्रकाशनांच्या बाबतीत इतके चोखंदळ राहून चालत नाही. मात्र ग्रंथालयाचा शिक्का किंवा खिसा तपशिलांच्या पानावर तर आलेला नाही ना, आणि चिकटवलेली चिठ्ठी काढताना ते पान फाटलेले नाही ना, हे विचारून घ्या. ते पान गेले की मुद्रण सिद्ध करण्याचा पुरावाच गेला. कण्याचा गोंदही तपासायला सांगा. त्या काळच्या कागदी बांधणीत पाने शिवलेली नसून बहुधा नुसती चिकटवलेली असतात, आणि चाळीस-पन्नास वर्षांत गोंद वाळून कडक झाला की पुस्तक मधोमध उघडताच कडकन् आवाज होऊन पाने सुटी होतात. विक्रेत्याने मधले पान उघडून काढलेले छायाचित्र पाठवले तर घ्या, टाळाटाळ केली तर दुसरी प्रत येईपर्यंत थांबा.