सिंहगडावरचा मनोरा: ठेवायचा की उतरवायचा?

सह्यभ्रमर: काल इथे कुणी लिहिलं, "सिंहगडावरचा टीव्हीचा मनोरा म्हणजे गडाच्या छातीत ठोकलेला खिळा. जुनं प्रक्षेपण बंद झालं, आता कापा आणि भंगारात घाला." वाचून राहवलं नाही. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. वरळीचा मनोरा 300 मीटरचा, तरी मध्ये सह्याद्री आडवा. टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आला की संपलं. पुण्यात टीव्ही आला तो 1973 साली, या गडावरून. गड समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटर, शहर साडेपाचशेच्या आसपास. एवढी उंची लोखंडाने उभी करता आली असती का? आमच्या वाड्यात अँटेनाची दिशा कुणाला विचारावी लागली नाही. गच्चीवरून मनोरा दिसायचा, दांडी तिकडे वळवायची.

तटबंदी: ती पोस्ट माझीच आणि शब्द मागे घेणार नाही. तानाजी मालुसरे जिथे पडले तिथे जाऊन वर बघावं तर लोखंड. 2025 साली युनेस्कोच्या यादीत 12 किल्ले गेले. राजगड आहे, सिंहगड नाही. का, ते बघायला डोळे पुरेत.

सह्यभ्रमर: मनोऱ्यामुळे वगळला असं कुणी म्हटलंय? तोरणाही त्या यादीत नाही. तिथे कुठला मनोरा आहे?

गुंजवणीकाठ: तुमचं पुणेकरांचं बरं आहे. आमची वाडी वेल्ह्याकडच्या खोऱ्यात, गडापासून हाकेच्या अंतरावर म्हणा ना. पण मध्ये डोंगराची सोंड. लांबच्या सपाट गावांत चित्र स्वच्छ, आमच्याकडे नुसत्या मुंग्या. चुलत्यांनी बूस्टर आणला, पंचवीस फुटी बांबू उभा केला. आवाज आला, चित्र नाही. नकाशावर वर्तुळ काढून "एवढ्या भागात दिसतं" म्हणणाऱ्यांनी आमच्या ओसरीवर बसून बघायला हवं होतं.

रेडिओवेडी: म्हणून तर मी म्हणते, टीव्हीचं कौतुक पुरे! आकाशवाणी पुणे 1953 पासून आहे. मध्यम लहरी जमिनीला धरून जातात, दरीखोऱ्यात उतरतात. तुमच्या वाडीत पुणे केंद्र लागत होतं की नाही, सांगा.

गुंजवणीकाठ: लागायचं. आजोबा बाजारभाव ऐकूनच कांदा काढायचे.

रेडिओवेडी: मग धागा त्यावर काढा. सगळे मनोऱ्याच्या उंचीवर भांडताहेत, आणि मध्यम लहरींची केंद्रं कमी होताहेत त्यावर चकार शब्द नाही. एफएमही डोंगराला अडतं. मोबाइलला रेंज नसलेल्या वाडीत वादळाचा इशारा कोण पोचवणार?

तटबंदी: विषय गडाचा आहे, बाई.

रेडिओवेडी: "बाई" म्हणून गप्प बसवू नका. विषय पोचण्याचा आहे. दुसरं दुखणं सांगते. 15 ऑगस्ट 1982 ला दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि संध्याकाळची ऐन वेळ मराठीच्या हातून गेली. मनोरा मराठी मुलखात, आणि त्यावरून येतं काय, तर हिंदी. माझी आजी हिंदी बातम्यांना उठून स्वयंपाकघरात जायची.

सह्यभ्रमर: तिथे मी तुमच्या बाजूचा. पण त्यात मनोऱ्याचा दोष काय?

तटबंदी: बरं, एक मान्य करतो. 1973 साली दुसरा मार्ग नव्हता. पण तेव्हा गरज होती म्हणून कायमचा हक्क लागत नाही. आज डिश घरोघर आहे. ज्या यंत्राचं काम संपलं ते गडावरून उतरवा, ज्याचं चालू आहे त्याची यादी लावा. मग बोलू.

सह्यभ्रमर: यादीचं मान्य. "भंगार" शब्द मात्र मागे घ्या.

गुंजवणीकाठ: डिश घरोघर म्हणता. आमच्याकडे मुसळधार लागली की चित्र जातं, आणि वीज गेली तर दोन-दोन दिवस येत नाही. आजोबांचा रेडिओ दोन सेलवर चालायचा. तो अजून फळीवर आहे.