नाटकावरचं व्याख्यान आणि ‘शारदा’

नाटकांवर आणि कादंबऱ्यांवर व्याख्यानं ठेवण्याच्या चर्चेत कुणीतरी म्हटलं, ‘नाटक बघायचं असतं, त्यावर व्याख्यान कसलं ऐकायचं’. हा मुद्दा मला अर्धाच पटतो. ठाण्याच्या गडकरी रंगायतनला गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ बघताना पदांनी मी भारावून गेले होते, पण तो प्रयोग कापून तीन तासांत बसवलेला होता. पूर्वी हीच नाटकं रात्रभर चालायची. जे कापलं गेलं, ते मला पुढे ठाण्यातल्याच एका ग्रंथालयातल्या व्याख्यानात कळलं. वक्त्यांनी संहिता हातात घेऊन कांचनभटाचे, म्हणजे शारदेच्या वडिलांचे, संवाद सावकाश वाचले. पैशासाठी म्हाताऱ्याशी लग्न ठरवून पोटच्या मुलीचा सौदा करणारा हा बाप रंगमंचावर हशा घेऊन जातो, वाचताना मात्र अंगावर काटा येतो.

त्या दिवशी आणखी एक गैरसमज गेला. बालविवाहाला आळा घालणारा १९२९चा ‘शारदा कायदा’ देवलांच्या नायिकेवरून ओळखला जातो, असं मी (आणि सभागृहातल्या बऱ्याच जणांनी) धरून चाललं होतं. ते नाव विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांचं. नाटक १८९९चं, म्हणजे कायद्याच्या तीस वर्षं आधीचं.

कादंबऱ्यांच्या सत्राबद्दल एकच मागणं. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’वर बोलणार असाल तर महिनाभर आधी सांगा आणि चार-पाच प्रती देवघेवीच्या टेबलावर ठेवा. छोटेखानी कादंबरी आहे, लोक नक्की वाचून येतील.