शब्दचर्चा : कक्षा, कवच, कक्षक – आणि पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन

प्रश्न : दहावीला मराठी माध्यमात 'कवच' शिकले, आता नाशिकलाच अकरावीत 'ऑर्बिटल' आले. कक्षा, कवच आणि कक्षक एकच का? आणि तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात, तर पोटॅशियमचे संरूपण (कवचांनुसार इलेक्ट्रॉनांची मांडणी) २, ८, ९ का नाही?

उत्तर : तिन्ही वेगळे. कक्षा म्हणजे बोरने १९१३ साली मांडलेला ठरावीक वर्तुळाकार मार्ग. ती कल्पना आता मागे पडली आहे. कवच म्हणजे ऊर्जेची पातळी : के, एल, एम, एन. कवचात उपकवचे असतात : एस, पी, डी, एफ. आणि इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता जिथे जास्त, तो भाग म्हणजे कक्षक, ऑर्बिटल. एका कक्षकात जास्तीत जास्त दोनच इलेक्ट्रॉन. एसमध्ये १ कक्षक, पीमध्ये ३, डीमध्ये ५, एफमध्ये ७. तिसऱ्या कवचात एस, पी, डी मिळून ९ कक्षक, म्हणून १८.

आता पोटॅशियम. 'मावतात' आणि 'आधी भरतात' या दोन गोष्टी आहेत, घोळ तिथेच होतो. भरण्याचा क्रम n + l या बेरजेवर ठरतो. इथे n म्हणजे कवचाचा क्रमांक आणि l म्हणजे उपकवचाचा आकडा : एस ०, पी १, डी २, एफ ३; वरच्या एन, एल कवचांशी याचा संबंध नाही. ४एस म्हणजे चौथ्या कवचातले एस उपकवच. ४एसची बेरीज ४ + ० = ४, ३डीची ३ + २ = ५. लहान बेरीज आधी, म्हणून एकोणिसावा इलेक्ट्रॉन ४एसमध्ये जातो : २, ८, ८, १. कॅल्शियम २, ८, ८, २. त्यानंतर स्कँडियमपासून ३डी भरू लागते. पोटॅशियम ते क्रिप्टॉन या चौथ्या आवर्तात १८ मूलद्रव्ये का, तेही इथेच कळते : ४एसचे २, ३डीचे १०, ४पीचे ६.

प्रश्न : मग सर, लोहाचा आयन होताना आधी ३डीतले इलेक्ट्रॉन जाणार ना? शेवटी तेच भरले होते.

उत्तर : नाही, आणि परीक्षेत गुण जातात ते इथेच. आयन होताना सर्वांत बाहेरच्या कवचातले आधी जातात. लोह (२६) : ३डी⁶ ४एस² (वरचा आकडा म्हणजे त्या उपकवचातले इलेक्ट्रॉन). दोन गेले की ३डी⁶, तीन गेले की ३डी⁵. ३डी⁴ ४एस² लिहिले तर चूक.

याच उत्तराला जोडून : निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांवर बोर्डो हे बुरशीनाशक मिश्रण फवारतात. एक टक्क्याच्या मिश्रणाला १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १ किलो चुना लागतो. मोरचूद लोखंडी बादलीत विरघळवायचे नाही, ते प्लास्टिकच्या पिंपात. लोखंडात घातले तर बादलीच्या आत तांबूस थर बसतो. लोह आपले दोन ४एस इलेक्ट्रॉन तांब्याच्या आयनाला देते आणि ३डी⁹ असलेला तो आयन तांबे होऊन चिकटतो : ३डी¹⁰ ४एस¹. द्रावणातले तांबे कमी होते, बादलीला भोके पडतात.

मोरचुदाचा निळेपणाही याच ३डी⁹चा. झिंकच्या आयनात ३डी पूर्ण भरलेले असते, म्हणून झिंक सल्फेट पांढरे. पण नुसते डी अपुरे असून भागत नाही, भोवती पाण्याचे रेणूही लागतात : मोरचुदाचा खडा तापवून पाणी उडवले की तो पांढरा पडतो, थेंबभर पाणी टाकले की पुन्हा निळा.

प्रश्न : गण क्रमांक म्हणजेच संयुजा का?

उत्तर : नाही. गण म्हणजे आवर्तसारणीतला उभा स्तंभ. गण १ आणि २ मध्ये क्रमांक तोच संयुजा इलेक्ट्रॉनांचा, म्हणजे सर्वांत बाहेरच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांचा, आकडा. १३ ते १८ मध्ये त्यातून १० वजा करायचे. हेलियम अपवाद, १८व्या गणात असूनही त्याच्याकडे दोनच. आणि संयुजा इलेक्ट्रॉन म्हणजे संयुजा नव्हे : ऑक्सिजनकडे संयुजा इलेक्ट्रॉन ६, पण अष्टकाला कमी पडतात २, म्हणून संयुजा २.