व्हीगन माणसाने दुर्गम वाटेवर 12 दिवस काय खावं?

पायवाट:
पुढच्या महिन्यात डोंगरातल्या 12 दिवसांच्या वाटेवर निघतेय. मुक्काम 3,000 ते 4,500 मीटरच्या दरम्यान. दुकान एकही नाही, वाटेतल्या घरांमध्ये जेवायचं. दूध, लोणी, अंडी सोडून मला 6 वर्षं झाली. दिवसाला 600 ग्रॅम सुकं सामान धरलं तरी पाठीवर 7 किलोच्या वर जातं. कसं जमवता? राजमा-छोले न्यावेत का?

निवांतचाल:
ताई, राजमा अजिबात नेऊ नका. 4,200 मीटरवर आम्ही चौघांनी रात्रभर भिजवलेला राजमा दोन तास रटरटवला, झाकणावर दगड ठेवून. वरून मऊ झाला, चावला की आत खडूसारखा. भूक एवढी होती की तसाच खाल्ला. पहाटेपर्यंत तिघांना उलट्या. तिथे पाणी 86 अंशांच्या आसपासच उकळतं आणि तेवढ्या उष्णतेने राजम्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन पुरतं नष्ट होत नाही. विषबाधा होते ती त्यानेच. छोल्यांनी तब्येत बिघडणार नाही, पण ते शिजता शिजत नाहीत आणि इंधन संपतं.

भात, बटाटे, भाकरी बहुतेक घरांत मिळतं. कमी पडतात ती प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ, तेवढीच पाठीवर घ्या. माझा हिशोब: रोज 50 ग्रॅम सोयाबीन वड्या आणि 100 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे. त्यात 50 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि सातशेवर कॅलरी मिळतात. 12 दिवसांचं वजन 1,800 ग्रॅम. वड्या आधीच शिजलेल्या असतात, गरम पाण्यात टाकल्या की फुगतात. बी12 च्या गोळ्या विसरू नका.

मुक्कामाच्या घरच्यांना ‘व्हीगन’ म्हणून काही कळत नाही. दूध, लोणी, चरबी, मटणाचं पाणी, अंडी, एकेकाचं नाव घ्या, तिथल्या भाषेत कागदावर लिहून घ्या आणि वाटाड्याकडून मुक्कामाच्या आधीच निरोप धाडा. मी एकदा पोचल्यावर सांगितलं. त्या बाई सूपाचा वाडगा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या, वर चरबीचे पिवळे थेंब तरंगत होते. आमच्यासाठी त्यांनी दुपारपासून चूल पेटती ठेवली होती. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

उन्हाची_तिरीप:
वरच्या उत्तराला एक जोड. विमानाने जाणार असाल तर जेवण नोंदवताना ‘व्हीजीएमएल’ हा व्हीगन जेवणाचा कोड सांगा. ‘एव्हीएमएल’ शाकाहारी असतं, पण त्यात दूध-दही येऊ शकतं. आणि आजारी पडलात तर कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं आहे म्हणून औषध टाळू नका. शक्य तेवढं पाळायचं, जीव धोक्यात घालून नाही.

पायवाट:
खूप आभार. राजमा यादीतून काढला. आम्ही तिघी आहोत, छोटा प्रेशर कुकर न्यावा का?

निवांतचाल:
तिघी असाल तर न्याच, वजन वाटून घेता येतं. कुकरमध्ये पाणी तिथेही 110 अंशांच्या वर जातं, डाळ नीट शिजते. झाकणाचं रबर मात्र एक जास्तीचं ठेवा, आमचं तिसऱ्या दिवशी फाटलं होतं. आणि निरोपाचा कागद आजच लिहायला घ्या.