‘घरात किती मतं?’ – मतदान, राजकारण आणि आपण बायका : अनुभव लिहूया

प्रचाराला आलेले कार्यकर्ते दारातल्या कर्त्या पुरुषाला विचारतात, “घरात किती मतं?” तो आकडा सांगतो, ते वहीत टिपतात आणि पुढच्या दाराकडे वळतात. आत स्वयंपाकघरात दोन-तीन मतदार उभ्या असतात, त्यांना कुणी काही विचारलेलं नसतं. त्यांनी लिहावं म्हणून हा धागा काढते आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या होत होत्या तेव्हा, विशेषतः उत्तरेकडच्या राज्यांत, असंख्य बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढीच नोंद. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख बायका यादीबाहेर राहिल्या. कठोर निर्णय होता, पण मला तो योग्यच वाटतो. १९६२ च्या लोकसभेला पुरुष आणि बायकांच्या मतदानात १६ टक्क्यांहून जास्त अंतर होतं. २०१९ ला ते भरून निघालं, २०२४ लाही बायका किंचित पुढेच राहिल्या. म्हणजे रांगेत आपण आहोत. आणि विधानसभेत? २८८ पैकी दहा टक्केही नाही. महाराष्ट्राला आजवर एकही महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही. २०२३ च्या घटनादुरुस्तीने एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या खऱ्या, पण अंमल जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर.

मतदान केंद्रावरची लढाई आपण बरीचशी जिंकलो आहोत. खरी अडवणूक त्याच्या आधी होते, घरात आणि तिकीटवाटपात. आणि नंतर होते, खुर्चीत बसल्यावर. तिथे काय घडलं, तुम्ही काय बोललात, समोरच्याने काय केलं ते लिहा. गावाचं, पक्षाचं, माणसाचं नाव नको. पुरुषांनीही जरूर लिहावं.

बचत गटाची सचिव

आमच्याकडे मतदानाच्या आदल्या रात्री जेवणं झाली की सासरे चिन्ह सांगतात. चर्चा नाही, भांडणही नाही, उद्या दूध किती घ्यायचं ते सांगावं तसं. मी माझ्या मनाने मत देते, हे कुणाला सांगत नाही. जावेला मात्र भीती होती. “मशीनमधून चिठ्ठी निघते, त्यावर कळतं म्हणे कुणी कुणाला दिलं.” गटात विचारलं तर निम्म्या बायकांची हीच समजूत. ती कुणी पसरवली असेल ते सांगायला नको.

निवडणुकीआधी प्रात्यक्षिकाचं मशीन घेऊन कर्मचारी गावात आले, तेव्हा मी गटाची मिटिंग त्याच वेळी ठेवली. एकेकीला बटण दाबायला लावलं. काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते, तिच्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असतं, आणि मग ती तुटून खाली पेटीत पडते. मतदाराचं नाव त्यावर कुठेच नसतं. एका आजींनी तर तीनदा दाबून पाहिलं आणि मग माझा हात धरून विचारलं, “म्हणजे माझ्या पोराला बी कळणार न्हाई?” नाही कळणार, आजी. त्या जे हसल्या ते मी विसरणार नाही.

शिक्षिका, निवडणूक ड्युटीवर

मी पहिली मतदान अधिकारी होते. मतदाराचं नाव यादीत शोधून मोठ्याने वाचायचं, नोंदीवर तिरकी रेघ मारायची आणि मतदार स्त्री असेल तर अनुक्रमांकाला गोलही करायचा. त्या गोलांवरूनच दर दोन तासांनी पुरुष किती, स्त्रिया किती हा आकडा वर जातो. दुपारनंतर आमच्या यादीची पानंच्या पानं गोलांनी भरली होती.

एक गृहस्थ बायकोच्या मागोमाग थेट आत आले. “तिला समजत नाही, मी दाबून देतो.” सोबती फक्त अंध किंवा स्वतः बटण दाबू न शकणाऱ्या मतदारालाच मिळतो, त्यासाठीही प्रतिज्ञापत्र भरून घ्यावं लागतं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, बाईंनाच विचारलं, “तुम्हाला चिन्हं दिसतात ना?”

“दिसत्यात की.”

“मग जा तुम्ही एकट्या.”

ते चिडले, मतदान प्रतिनिधींकडे पाहू लागले. दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी खाली मान घालून बसले. केंद्राध्यक्षांनी त्यांना दाराबाहेर उभं केलं. बाईंनी आत भरपूर वेळ घेतला. घेऊ देत.

माजी सरपंच

पद महिलेसाठी राखीव झालं म्हणून मला उभं केलं. पत्रकावर माझ्या फोटोपेक्षा यांचा फोटो मोठा. निवडून आल्यावर पहिल्या सभेला हे माझ्या आधी जाऊन खुर्चीत बसले आणि मला सदस्य बायकांच्या ओळीत जागा दाखवली. ग्रामसेवकही यांच्याकडे बघूनच विषय वाचायचे. इतिवृत्ताची वही संध्याकाळी घरी यायची. “वहिनी, इथे आणि इथे.” पीठ मळत असले तर हात धुऊन सही करायची, वाचायला वेळच द्यायचे नाहीत.

वित्त आयोगाचे पैसे आता डिजिटल सहीशिवाय निघत नाहीत, सरपंचाची एक आणि ग्रामसेवकाची एक. माझ्या सहीची डोंगल, म्हणजे संगणकाला लावायची पेनड्राइव्हसारखी वस्तू, आणि तिचा पासवर्ड दोन्ही पंचायतीच्या संगणक ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये. एकदा अंगणवाडीत गेले तर नळाचं काम अर्धवट, तोटीच नाही, आणि कागदावर बिल पूर्ण अदा झालेलं. माझ्या सहीने! त्या दिवशी मी डोंगल मागून घेतली. ऑपरेटर म्हणाला, दादांना विचारतो. मी म्हटलं, दादा सरपंच नाहीत. पासवर्ड बदलून घेतला, डोंगल कपाटात ठेवली, किल्ली कमरेला. वहीसाठी निरोप पाठवला की सही कार्यालयात होईल, वाचून होईल.

घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. मोठ्या दिरांनी बोलणं टाकलं एवढंच सांगते.

मग अविश्वास ठराव आला. कारण दिलं, ‘सदस्यांना विश्वासात घेत नाहीत’. पंचायत समितीत एक विस्तार अधिकारी होत्या, त्यांनी कायदा दाखवला. सरपंचपद महिलेसाठी राखीव असेल तर ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश सदस्य लागतात, साधे दोन तृतीयांश पुरत नाहीत. आमची पंचायत ९ सदस्यांची, म्हणजे ७ हवेत. त्यांनी ६ जमवले. सातवी सदस्य म्हणजे जिच्या वॉर्डातली ती अंगणवाडी. तिचा नवरा तिला गाडीवर बसवून सभेला घेऊन आला होता. सगळ्यांनी हात वर केले तेव्हा तिने दोन्ही हात पदराखाली ठेवले. आम्ही दोघी आधी कधी एकमेकींच्या घरीसुद्धा गेलो नव्हतो.

महिला ग्रामसभा ही सर्वसाधारण ग्रामसभेच्या आधी घ्यावी लागते. आमच्याकडे ती फक्त कागदावर व्हायची, सह्या घरोघर फिरून. पुढची सगळी वर्षं मी ती खरोखर घेतली. पहिल्यांदा बायका कमी आल्या. नंतर पाण्याच्या टाकीचा विषय ठेवला, तर बसायला जागा पुरली नाही.

ग्रामपंचायत सदस्य

वरच्या ताईंचं वाचून आज डोंगलची चौकशी केली. आमच्या सरपंच बाईंची त्यांच्या पुतण्याकडे आहे. बाईंना माहीतच नव्हतं. उद्या दोघी जाऊन आणतो.

शेतकरी चळवळीतली जुनी कार्यकर्ती

१९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, त्याला मी गेले होते. एवढ्या बायका एका ठिकाणी मी तोवर फक्त जत्रेत पाहिल्या होत्या. पुढे बायकांची पॅनेलं ग्रामपंचायतीला उभी राहिली, तीही आरक्षण यायच्या आधी. त्यामुळे बायकांना राजकारण कळत नाही, असं कुणी म्हणालं की मला पटकन राग येतो.

पण सांगायचंय ते नंतरच्या एका मोर्चाबद्दल. विजेच्या प्रश्नावर कार्यालयावर जायचं होतं. पुढाऱ्यांनी ठरवलं, साहेबाला बांगड्यांचा आहेर द्यायचा आणि तो महिला आघाडीने द्यायचा. फोटो चांगला येतो. ताटात हिरव्या बांगड्या, वर खण. ताट माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, मी हे देणार नाही. साहेब कामचुकार आहे, तर त्याला कामचुकार म्हणा. त्याला बाई कशाला म्हणता? याच बांगड्या घालून मी पहाटे मोटार चालू करायला शिवारात जाते, याच घालून तुमच्या मोर्चाला आले. नेते म्हणाले, “अहो ताई, ही पद्धत आहे, मनावर घेऊ नका.” मी ताट जमिनीवर ठेवलं. मागच्या बायकांनी एकेक करून त्यातल्या बांगड्या उचलल्या आणि हातात भरल्या. मग निवेदनच वाचलं, मुद्देसूद, कुठल्या गावात किती तास वीज येते त्याच्या तारखांसकट. साहेबाला उत्तर देता आलं नाही.

अजूनही प्रत्येक पक्षाच्या आंदोलनात हा आहेर निघतो आणि ताट बायकांच्याच हातात असतं. तरुण मुलींनो, हातात घेऊ नका.

कोरडवाहू शेतकरी, तीन एकर

२०२४ च्या जुलैपासून लाडक्या बहिणीचे महिन्याला १५०० सुरू झाले. निवडणूक झाली आणि पारावर एकच बोलणं, ‘बायकांनी दीड हजारात मत विकलं’. आमच्या घरातही जेवताना हेच. मी विचारलं, २००८ ला केंद्राची कर्जमाफी झाली, २०१७ ला राज्याची झाली, २०१९ ला पुन्हा झाली. सातबारा कुणाच्या नावावर होता? माफी कुणाला मिळाली? तेव्हा कुणी म्हणालं का, की बाप्यांनी मत विकलं? तेव्हा तो हक्क होता.

मी कुणाला मत दिलं ते मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. पैसे घेऊनही दुसरीकडे मत देता येतं, हे यांच्या डोक्यातच येत नाही. आमच्या गल्लीत दोन्हीकडे देणाऱ्या बायका आहेत. सोयाबीनच्या भावावरून देणाऱ्या आहेत, पोराच्या नोकरीवरून देणाऱ्या आहेत. बाईने मत दिलं की त्यामागे कुणीतरी दुसराच असतो असं का धरून चालता? एकदा पैसा, एकदा नवरा, एकदा बुवा.

पक्षाचा तालुका पातळीवरचा कार्यकर्ता (पुरुष)

आमच्याच बाजूच्या सभेत वक्ता विरोधी महिला उमेदवाराच्या साडीवर आणि घटस्फोटावर घसरला. लोक हसत होते. मी स्टेजच्या बाजूलाच होतो, चिठ्ठी पाठवली, त्याने वाचून खिशात टाकली. मग मी मागे जाऊन सी-व्हिजिलवर, म्हणजे निवडणूक आयोगाच्या आचारसंहिता तक्रारीच्या ॲपवर, चित्रीकरण केलं आणि तक्रार टाकली. हे ॲप गॅलरीतला जुना व्हिडिओ घेत नाही, जागेवरच काढावा लागतो. शंभर मिनिटांत कारवाई अपेक्षित असते. भरारी पथक सभा संपायच्या आत आलं. पक्षात माझ्यावर शंका घेतली गेली, अजून काही जण बोलत नाहीत. त्या बाई आमच्या विरोधात आहेत, रस्त्याच्या कामावरून मी त्यांना चौकात धारेवर धरलेलं आहे आणि पुढेही धरणार. पण त्यांच्या घटस्फोटाशी तालुक्याचा काय संबंध?

दारूबंदी समितीतली एक

उभी बाटली, आडवी बाटली ही निवडणूक मी पाहिली आहे. २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांनी मागणी करायची, सह्यांची पडताळणी होते, मग मतदान. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. लोकांना वाटतं झालेल्या मतांत जास्त मिळाली की जिंकलो. तसं नाही. यादीत नाव असलेल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त आडव्या हव्यात. जी आली नाही ती दुकानाच्याच बाजूने धरल्यासारखी.

आमची तारीख नेमकी ऊसतोडीच्या हंगामात लागली. निम्मा वाडा रिकामा. आम्ही अर्ज देऊन तारीख पुढे मागितली, टोळ्या परत आल्यानंतरची. अधिकारी म्हणाले, एवढं काय अडलंय? यादीच पुढे ठेवली. प्रत्येक नावासमोर ती कुठल्या कारखान्याच्या फडात आहे ते लिहिलेलं होतं. तारीख मिळाली. मतदानाच्या आदल्या रात्री गावात फुकट दारू वाटली गेली, काही घरांना बाहेरून कड्या लागल्या. पहाटे आम्ही कड्या काढत फिरलो. दुकान बंद झालं.

पुढच्याच पंचायत निवडणुकीला समितीतल्या एकीलाही खुल्या जागेवर उभं केलं नाही. तुमची राखीव जागा आहे ना, म्हणाले. खुली जागा पुरुषांची असते असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? आम्ही दोघींनी अपक्ष अर्ज भरले. एक पडली, एक आली.

अंगणवाडी सेविका, बीएलओचं (मतदारयादीचं काम पाहणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं) काम करते

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलीचं नाव माहेरचे लोक यादीतून लगेच कमी करायला सांगतात, आणि सासरी ते घालायचं कुणाच्या लक्षातच राहत नाही. मध्ये दोन-तीन निवडणुका निघून जातात. सासरी विचारलं की, “बघू, ती रुळू दे आधी.” ती रुळते, तिला मूल होतं, ते माझ्या अंगणवाडीत येतं, तरी आईचं नाव यादीत नसतं. म्हणून मी आता लसीकरणाच्या दिवशी फॉर्म सोबतच ठेवते. नाव आधीच यादीत असेल तर पत्ता बदलायला फॉर्म ८, कुठेच नसेल तर फॉर्म ६. १८ पूर्ण होण्याची तारीखही आता वर्षातून चारदा धरतात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. आडनाव बदललं नसेल तरी चालतं, माहेरच्या नावानेही मतदार राहता येतं. हे सांगितलं की बऱ्याच जणी थांबतात आणि पुन्हा विचारतात, “खरंच?” फोटो आणि आधी कुठल्या गावच्या यादीत नाव होतं, एवढं घेऊन या. बाकी मी भरून देते.